'रोमन नाणी' असे लिहिलेल्या डब्याची तपासणी : जून ते ऑगस्टच्या नोंदी

११ जून
डबा ताब्यात आला. बिस्किटांचा पत्र्याचा, झाकणावर चिकटपट्टी आणि शाईने 'रोमन नाणी'. आत एकूण ४१ नग. सोनेरी ३, रुपेरी १८, तांब्या-पितळेचे २०. काही वर्तमानपत्रात गुंडाळलेले, काही मऊ प्लास्टिकच्या खिशांत, उरलेले मोकळे. संग्रह घरगुती आहे, तीन पिढ्यांत जमलेला. खरेदीच्या पावत्या नाहीत. दोन खिशांवर युरोपातल्या दुकानाच्या किंमतचिठ्ठ्या आहेत. त्या फेकायच्या नाहीत, नाण्याच्या क्रमांकाखालीच ठेवायच्या.

पहिला नियम ठरवला: निकाल लागेपर्यंत एकही नाणे धुवायचे नाही. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, दंतमंजन यांपैकी काही लावले की नाणे चकचकीत होते आणि वाचण्यासारखे जे होते ते जाते. डब्यातली निदान सहा नाणी कोणीतरी आधीच अशी 'उजळवली' आहेत.

दुसरा नियम: कसोटीवर घासायचे नाही, तेजाब लावायचे नाही, वाजवून बघायचे नाही. आपल्याकडे 'खणखणीत नाणे' म्हणतात खरे, पण जमिनीत राहिलेल्या चांदीत कणांच्या सीमांवरून गंज आत शिरतो आणि धातू ठिसूळ होतो. अशा अस्सल दिनारियसचा, म्हणजे रोमनांच्या चांदीच्या नाण्याचा, आवाज बद्द येतो, आणि फरशीवर टाकले तर त्याचे दोन तुकडेही होतात. नवे ओतीव नाणे मात्र छान वाजते.

क्रमांक दिले: सोनेरी १–३, रुपेरी ४–२१, तांब्याचे २२–४१.

१३ जून
छायाचित्रे. करडा मॅट कागद, बाजूला मिलिमीटरची पट्टी, कॅमेरा स्टँडवर काटकोनात. दिवा एकच, वरून डावीकडून साधारण ३० अंशांवर, मध्ये ट्रेसिंग पेपर. त्यानंतर तोच दिवा १० अंशांपर्यंत खाली आणून दुसरे छायाचित्र. या तिरक्या उजेडातच ओरखडे, कानशीच्या खुणा आणि बुडबुड्यांचे खड्डे उठून दिसतात. नाण्यामागे चार फोटो: दोन बाजू आणि कडेचे दोन. कडेचा फोटो बहुतेक लोक काढत नाहीत. बनावट नाणे बहुधा तिथेच पकडले जाते.

सर्व फोटो एकाच मापात घेतले, म्हणजे पुढे एकावर एक ठेवून ठसे जुळवता येतील.

१४ जून
वजन आणि माप. ०.००१ ग्रॅमचा काटा, व्हर्निअर प्लास्टिकच्या जबड्याचा. लोखंडी जबडा जुन्या चांदीवर रेघ पाडतो. चुंबकही लावून पाहिला. एकही नाणे ओढले गेले नाही. याचा अर्थ आत लोखंड किंवा पोलाद नाही, एवढाच.

वजनाची चौकट जवळ लिहून ठेवली. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात एका रोमन रत्तलातून चांदीचे ८४ दिनारियस, म्हणजे एक ३.९ ग्रॅमच्या आसपास. इ.स. ६४ मध्ये नीरोने ते ९६ केले, म्हणजे ३.४ च्या आसपास, आणि चांदीचा कसही उतरवला. सोन्याचा ऑरियस ऑगस्टसकडे ७.९ च्या जवळ, नीरोनंतर ७.३. नंतरच्या सम्राट कॉन्स्टंटाइनचा सोन्याचा सॉलिडस रत्तलाला ७२, म्हणजे ४.५ ग्रॅम. ही प्रत्येक नाण्याची हमी नाही. टांकसाळ रत्तलाचा हिशेब धरायची, एकेक चकती तोलत बसायची नाही. झीज धरून ३.५ ते ३.८ चा टायबेरियसचा (ऑगस्टसनंतरचा सम्राट) दिनारियस नेहमीचा. ३.० खाली गेला की कारण शोधायचे.

१७ जून
पहिली चाळणी. 'रोमन' नसलेली आधी बाजूला.

क्र. १७, १८, १९: चांदी, १५ ते १६ मिमी, २.१ ते २.३ ग्रॅम. उजवीकडे पाहणारा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरांसारखा लेख. डब्यावर 'रोमन' का लिहिले ते कळते. पण ही पश्चिम भारतातल्या क्षत्रप राजा नहपानाची नाणी. मागे बाण आणि वज्र. क्र. १८ वर तर तीन कमानींच्या डोंगराचा ठसा राजाच्या गालावरच मारलेला आहे, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छापून चालवलेले. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांतली नऊ हजारांवर अशीच पुनर्मुद्रित होती. डब्यातली नाणी त्यातलीच असा दावा करायला कसलाही आधार नाही, म्हणून तसे लिहायचे नाही. क्षत्रप नाण्यांच्या जाणकाराकडे पाठवायची.

क्र. १: सोने, २० मिमी, ३.४७ ग्रॅम. एका बाजूला संतापुढे गुडघे टेकलेला पुरुष, दुसरीकडे बदामी चौकटीत उभी आकृती. ही पुतळी, आपल्या पुतळ्यांच्या माळेतली. मूळ व्हेनिसचा डुकाट. तो १२८४ पासून पाडला जाई आणि व्यापारातून इकडे एवढा रुळला की सोनारांनी त्याच्या नकला केल्या. याच्यावरचा लॅटिन लेख नुसत्या उभ्या काड्या झाला आहे, म्हणजे ही नक्कलच. सोने मात्र चांगले.

क्र. ३९, ४०: घासून गुळगुळीत झालेल्या शिवराया. तिरक्या उजेडात एकीवर 'छत्र' वाचता आले. क्र. ४१ वर काहीच उरलेले नाही, तांब्याची चकती एवढीच नोंद.

२० जून
क्र. २१: हत्ती, खाली 'सीझर'. ज्युलियस सीझरच्या इ.स.पू. ४९ च्या सुमाराच्या दिनारियसचा प्रकार. बनावटवाल्यांचा लाडका. कडेवर सलग बारीक शिवण, अक्षरांच्या कोपऱ्यांत गोल मणी. मणी म्हणजे साच्यातला हवेचा बुडबुडा धातूने भरल्यावर उरलेला उंचवटा. कोरीव ठशावर चकती ठेवून हातोड्याने मारलेल्या नाण्यावर तो येऊच शकत नाही. घनता ६.८, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. पाच मिनिटांत निकाल: पर्यटकांसाठीची प्रतिकृती.

क्र. ३: नीरोचा ऑरियस म्हणून ठेवलेले. सोन्याचा मुलामा दिलेले पितळ. आणखी एक खूण: लेखात 'यू' हे गोल बुडाचे अक्षर आहे. रोमन नाण्यांच्या लेखात तिथे 'व्ही'चाच आकार येतो. तसेच 'जे' दिसला तरी नाणे हातातून खाली ठेवावे.

क्र. २०: तिसऱ्या शतकातला सम्राट तिसरा गॉर्डियन, काटेरी किरणांचा मुकुट, ४.१ ग्रॅम. म्हणजे अँटोनिनियानस, दिनारियसपेक्षा मोठे चांदीचे नाणे. हे नाणे सम्राट काराकालाने इ.स. २१५ मध्ये सुरू केले. युरोपी दुकानाची एक चिठ्ठी याच्या खिशावर आहे. मारलेले, अस्सल. याच्याबद्दल आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

२४ जून
आता खरा गठ्ठा: क्र. ४ ते १२, नऊ नाणी एकाच प्रकारची. दर्शनी बाजूला पानांचा मुकुट घातलेला, उजवीकडे पाहणारा टायबेरियस. लेख 'टि. कैसर दिवि ऑग. फि. ऑगस्टस', म्हणजे 'दैवी ऑगस्टसचा पुत्र टायबेरियस सीझर ऑगस्टस'. मागे खुर्चीवर बसलेली स्त्री, एका हातात दंड, दुसऱ्यात फांदी. लेख 'पॉन्टिफ मॅक्सिम', सर्वोच्च पुरोहित. टांकसाळ लुग्दुनुम, आजचे फ्रान्समधले लिऑन. काळ इ.स. १४ ते ३७ मधला. आरआयसी या रोमन साम्राज्याच्या नाण्यांच्या प्रमाण सूचीत टायबेरियसच्या २६ ते ३० क्रमांकांत हा प्रकार येतो. पोटप्रकार खुर्चीवरून ठरतो: पाय साधे की कातलेले, पायाखाली रेघा किती. म्हणून खुर्चीचा जवळून फोटो प्रत्येकाचा वेगळा घेतला.

डब्यात हा प्रकार सर्वांत जास्त असणे स्वाभाविक आहे. दक्षिण भारतातल्या ठेव्यांत, विशेषतः कोइमतूरच्या पट्ट्यात, ऑगस्टस आणि टायबेरियस यांचेच दोन प्रकार ढिगाने मिळतात. नीरोने चांदी हलकी केल्यावर इकडे येणारे दिनारियस आटले आणि सोन्याचे प्रमाण वाढले. तेव्हा 'भारतात सापडलेले' म्हणून कोणी नीरोनंतरच्या सम्राट हेड्रियनचे दिनारियस मूठभर आणून दिले तर भुवई उंचावायची. टायबेरियस आणले तर नाही.

पण इथेच फसगतही आहे. बायबलातले 'कराचे नाणे' म्हणजे हेच, असे मानले जाते. त्यामुळे जगभर याला गिऱ्हाईक आहे आणि नकलाही त्याच प्रमाणात. जो प्रकार खरा असण्याची शक्यता जास्त, तोच खोटा असण्याचीही जास्त.

२६ जून
घनता. पद्धत नोंदवून ठेवतो, कारण पहिल्या दिवशीचे सगळे आकडे रद्द करावे लागले.

काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करायचा. नाणे बारीक नायलॉनच्या दोऱ्याच्या फासात टांगून पूर्ण बुडवायचे, तळाला किंवा काचेला टेकू द्यायचे नाही. काट्यावर जो आकडा येतो तो पाण्याचा नाण्याला वर ढकलणारा जोर, ग्रॅममध्ये. हवेतले वजन भागिले हा आकडा, गुणिले त्या तापमानाची पाण्याची घनता.

क्र. ४: हवेत ३.७१६. पहिल्यांदा जोर ०.३६५ आला, घनता १०.१४. शंका आली, टॉर्च लावून पाहिले, नाण्याच्या खालच्या अंगाला अडीच मिमीचा बुडबुडा चिकटलेला. पाणी उकळून गार केले, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला, नाणे आधी पाण्यात बुडवून मऊ कुंचल्याने बुडबुडे काढले. आता जोर ०.३५७. ३.७१६ भागिले ०.३५७ म्हणजे १०.४१, २९ अंशांना पाण्याची घनता ०.९९६, म्हणून १०.३७. चांगल्या दिनारियसला साजेल अशी. शुद्ध चांदी १०.४९, तांबे ८.९६.

दोन दशांशांच्या काट्यावर हे करू नये. ०.३६ मध्ये ०.०१ ची चूक म्हणजे घनता साधारण १०.० पासून १०.६ पर्यंत कुठेही. एवढ्या फटीतून काहीही निसटेल.

निकाल: क्र. ८ सोडून सगळी १०.२ ते १०.४ मध्ये. क्र. ८: हवेत २.९८१, जोर ०.३२९, घनता ९.०२. म्हणजे आत तांबे.

२७ जून
क्र. ८ सूक्ष्मदर्शकाखाली, २० पट. कडेला चांदीचा पत्रा उचकटला आहे, खाली लालसर तांबे आणि हिरवा गंज. पत्र्याची जाडी सगळीकडे साधारण सारखी, कोपऱ्यांत दुमड दिसते. चित्र आणि अक्षरे मात्र मारलेली, ओतलेली नाहीत. म्हणजे तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून मग ठसा मारला आहे. हा त्या काळातलाच खोटेपणा. आजच्या विजेच्या मुलाम्यात थर फार पातळ असतो, दुमड नसते, आणि खालच्या तांब्याचा गंज असा आतून वर येत नाही.

याची नोंद 'बनावट' रकान्यात जाणार नाही. रकाने सहा केले: अस्सल; तत्कालीन मुलाम्याचे; अनुकरण; आधुनिक बनावट; प्रतिकृती; अनिर्णित. मराठीत या सगळ्याला सरसकट 'नकली' म्हणतात आणि त्यातून संग्रहांचे नुकसान होते. दोन हजार वर्षांपूर्वीची नकली वस्तू हा पुरावा असतो, गेल्या वर्षीची नसते.

१ जुलै
टायबेरियसचे ठसे जुळवले. फोटो एका मापाचे होते, एक थर अर्धपारदर्शक करून दुसऱ्यावर ठेवला. डोळा, कान आणि लेखातली तीन अक्षरे यांवर जुळवून घेतले.

क्र. ६, ९, ११ या तिन्हींचे दोन्ही बाजूंचे ठसे एकच. एवढ्याने काही बिघडत नाही. एका ठशातून हजारो नाणी निघत, एकाच ठेव्यात भावंडे सापडू शकतात. प्रश्न ठसा सोडून बाकी जे जुळते त्याचा आहे. तिन्हींवर चित्र चकतीवर एकाच बाजूला तेवढेच सरकलेले. पुढची आणि मागची बाजू यांच्यातला कोन तिन्हींत एकच, घड्याळात पाचावर. आणि कानाखालून मानेकडे उतरणारा २.१ मिमीचा ओरखडा तिन्हींवर, त्याच जागी, त्याच वळणाचा.

ओरखडा ठशात नसतो. तो नाणे वापरताना, उकरताना, साफ करताना पडतो. म्हणजे तो एकाच नाण्याचा असू शकतो. तीन नाण्यांवर तोच असेल तर त्या नाण्यावरून साचा घेतलेला आहे. ठशातल्या तड्याची गोष्ट वेगळी. तो उंचवटा होऊन उमटतो आणि सर्व भावंडांवर दिसतो. खोलगट रेघ आणि उंच रेघ यांतला हा फरक आधी हाताला, मग डोळ्याला कळावा लागतो. तिरका उजेड एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून टाकला की सावली कुठल्या अंगाला पडते त्यावरून ठरते.

२ जुलै
त्याच तिघांच्या कडा. घड्याळातल्या चारच्या जागी तिन्हींना कडेचा चिरा आहे. हातोड्याचा घाव बसला की चकती पसरते, कड फाटते. तो चिरा आरपार जातो, तळाशी टोकदार असतो, आणि दोन्ही बाजूंना दिसतो. या तिघांचा चिरा म्हणजे पन्हाळीसारखी गोल बुडाची खाच, क्र. ९ मध्ये तर ती अर्ध्या जाडीतच संपते. कडेवर लांबीच्या दिशेने कानशीच्या समांतर रेघा, म्हणजे शिवण घासून काढली. व्यास १८.२ ते १८.३. साच्यातली चांदी निवताना दीड-दोन टक्के आकसते, मूळ नाणे १८.६ च्या जवळचे असावे.

अक्षरांचा पाया पाहिला. मारलेल्या नाण्यात धातू ठशाच्या खळग्यात खालून वर आणि मधून बाहेर ढकलला जातो, म्हणून अक्षराची भिंत जिथे पृष्ठातून उठते तिथे कोपरा स्पष्ट असतो. झिजत चाललेल्या ठशाची अक्षरे कडेकडे माशाच्या शेपटीसारखी फाटतात, आणि कडेजवळ किरणांसारख्या बारीक रेषा राहतात. क्र. ४, ५, ७, १० वर हे सगळे आहे. तिघांवर अक्षरे साबणाच्या वडीवर कोरून हात फिरवल्यासारखी.

घनतेने मात्र या तिघांना जवळजवळ पास केले होते. क्र. ६: ३.३८४ भागिले ०.३३०, गुणिले ०.९९६, म्हणजे १०.२१. नुसत्या आकड्यावर थांबलो असतो तर अस्सल म्हणून गेले असते. बनवणाऱ्याने खरी चांदी वापरली. वजन आणि धातू नाण्याला नापास करू शकतात, पास करू शकत नाहीत.

८ जुलै
एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणे, एका हॉलमार्किंग केंद्रात. तिथली यंत्रे दागिन्यांसाठी लावलेली असतात: सोने, चांदी, तांबे, जस्त एवढेच छापून येते. आधी सांगून शिसे, बिस्मथ, कॅडमियम यांचा समावेश असलेला कार्यक्रम लावून घ्यावा लागतो, नाहीतर जे हवे तेच कागदावर नसते.

क्र. ६, ९, ११: चांदी ९२.४ ते ९२.६, उरलेले तांबे. सोने नाही, शिसे नाही. ही बाजारातली स्टर्लिंग चांदी. रोमनांची चांदी शिशाच्या खनिजातून भट्टीत काढलेली. त्यात थोडे शिसे आणि सोने राहतेच, कारण ते पूर्ण वेगळे करण्याची आजची रीत त्यांच्याकडे नव्हती. क्र. ४, ५, ७, १० मध्ये दोन्ही सापडले, चांदी ९७ च्या वर. हा आकडाही जपून घ्यायचा: यंत्र वरचा पातळ थरच वाचते, आणि जमिनीत वरच्या थरातले तांबे निघून गेल्याने चांदी जास्त दिसते. म्हणून प्रत्येकाचे दोन बाजूंना दोन-दोन वाचन घेतले.

क्र. ६, ९, ११ चा निकाल: आधुनिक बनावट.

१० जुलै
क्र. ७ वर टायबेरियसच्या गालावर आडवा घाव, ५ मिमी लांब. अशी मुद्दाम चिरलेली नाणी भारतातल्या ठेव्यांत मिळतात, सोन्याची जास्त. का चिरत यावर मतभेद आहेत: आत तांबे नाही ना हे पाहायला, की चलनातून बाद करायला. पण दाम वाढतो म्हणून हल्लीही कोणी छिन्नी मारू शकतो, तेव्हा घावही तपासायचा. दोन्ही काठांना धातू वर उचललेला, आणि ते उचललेले काठ बाकीच्या पृष्ठाइतकेच झिजलेले. चिरेच्या तळाशी तोच करडा-जांभळा थर, जो चांदीवर जमिनीतल्या क्षारांनी चढतो. नवा घाव असता तर तळ पांढरा चमकला असता, किंवा गंधकाच्या द्रावणाने काळा केलेला दिसला असता. तो काळा सपाट असतो आणि ॲसिटोनच्या बोळ्याने कधीकधी सुटतो. इथे सुटला नाही. घाव जुना.

१५ जुलै
क्र. १३–१६: ऑगस्टस. मागे ढाली-भाल्यांसह उभे दोन नातू, गायस आणि लुसियस. वर पुरोहिताची पळी आणि वाकड्या टोकाची काठी. इ.स.पू. २ ते इ.स. ४ च्या सुमाराचे. पळी डावीकडे की उजवीकडे, काठीचे वळण कुठे, यावर पोटप्रकार. १३, १४, १५ अस्सल, तिघांचे ठसे वेगवेगळे, झीज वेगवेगळी.

क्र. १६ मजेशीर. चांदी, ३.२ ग्रॅम, मारलेले. पण लेखातली अक्षरे काड्या-गोळ्यांची, नातवांची डोकी दोन टिंबे. कारागिराला लॅटिन येत नव्हते, नाणे मात्र समोर ठेवून कोरले. अनुकरण. अशी अनुकरणे भारतातही मिळतात, पण घडवण्याचे ठिकाण नुसत्या चेहऱ्यावरून ठरवता येणार नाही.

क्र. २ त्याच रांगेत: सोन्याचा पातळ पत्रा, एकाच बाजूला उठाव, टायबेरियससारखे डोके, वर कडी. महाराष्ट्रातल्या तेर आणि तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन नाण्यांवरून केलेली मातीची पदके मिळाली आहेत, गळ्यात घालायची. ही कल्पना तीच, धातू वेगळा. कडीचा डाख मात्र नव्या कामाचा वाटतो. एक्सआरएफने डाखात कॅडमियम दाखवले, ते आधुनिक डाखात येते. कडी नवी, पत्रा जुना, असेही असू शकते. अनुकरण, काळ अनिर्णित.

२२ जुलै
लहान तांब्याची १४ (२२–३५). १३ ते १९ मिमी. ही चौथ्या-पाचव्या शतकातली, दक्षिण भारत आणि श्रीलंकेत अशी भरपूर मिळतात. चेहऱ्यावरून ओळखायला बसलो तर जन्म जाईल. सगळे सम्राट सारखेच दिसतात. आधी मागची बाजू, मग खालच्या रेघेतली टांकसाळीची अक्षरे, मग लेखाचा तुकडा.

दोन सैनिक, मध्ये दोन निशाणे: ३३० ते ३३५. तेच दोन सैनिक, एकच निशाण: ३३५ नंतर, चकती लहान आणि हलकी. तीन नाणी, एक पहिल्या प्रकारचे, दोन दुसऱ्या. घोड्यावरून पडणाऱ्याला भाला मारणारा सैनिक: ३४८ नंतरचा, चार. कैद्याला ओढणारी विजयदेवी, एक ग्रॅमच्या आसपास: शतकाच्या शेवटची, दोन. उरलेली पाच वाचता येत नाहीत.

टांकसाळ एकाचीच वाचली: एस-एम-के, म्हणजे किझिकस, आजच्या तुर्कस्तानातले जुने शहर.

एवढ्या स्वस्त नाण्यांची नक्कल सहसा कोणी करत नाही, म्हणून त्यांवर जास्त वेळ घालवला नाही.

क्र. २६ आणि ३३ वर फिकट हिरवी पूड. बोटाला लागते. हा पॅटिना, म्हणजे जुन्या तांब्यावर काळाने चढणारा थर, नव्हे. पॅटिना घट्ट असतो, आणि तो खरवडला तर खाली लाल थर लागतो. ही पूड म्हणजे कांस्यरोग: आत अडकलेले क्लोराइड दमट हवेत जागे झाले. खात्रीसाठी बंद डबीत ओल्या कापसाबरोबर २४ तास ठेवले, दोन्हींवर नवी पूड आली. ताबडतोब वेगळी केली.

२९ जुलै
क्र. २६, ३३ वर उपचार. सूक्ष्मदर्शकाखाली बाभळीच्या काट्याने पूड काढली. सुईपेक्षा काटा बरा, मऊ असल्याने पॅटिना ओरबाडत नाही. नंतर ॲसिटोन, वाळवणे, आणि गंज रोखणारे ३ टक्के बेन्झोट्रायझोल अल्कोहोलमध्ये, २४ तास. हातमोजे आणि खिडकी उघडी, हे रसायन अंगाला चांगले नाही. बाहेर ८८ टक्के दमटपणा. वाळवून थेट सिलिका जेलच्या डब्यात.

२ ऑगस्ट
मोठी तीन. क्र. ३६, ३७: झिजलेले सेस्टर्टियस, रोमनांचे मोठे पितळी नाणे, ३१ ते ३२ मिमी, २३ ग्रॅमच्या पुढे. तांब्याबरोबर जस्त आहे, जे या मूल्याच्या नाण्यात अपेक्षित असते. अस्सल.

क्र. ३८: नाणे अस्सल, चेहरा अर्धा नवा. केसांच्या बटा आणि दाढी एवढ्या धारदार की बाकीच्या झिजेशी मेळ नाही. प्रत्येक बट सुरू होते तिथे बारीक अवजाराचा टोच, आणि कोरलेल्या खाचांत पॅटिना नाही, रंग भरलेला. चित्राभोवतीची मोकळी जागाही खरवडून सपाट केली आहे, म्हणून अक्षरे विचित्र उंच दिसतात. झिजलेल्या नाण्याचा भाव वाढवण्याची ही जुनी युक्ती. नोंद: अस्सल, पुन्हा कोरलेले. किमतीच्या दृष्टीने जवळजवळ बनावटच, पण रकाना बदलणार नाही.

६ ऑगस्ट
क्र. १२ तिसऱ्यांदा पाहिले. टायबेरियस, घनता १०.३, सोने-शिशाच्या खुणा क्षीण पण आहेत. मात्र कोणीतरी आम्लात बुडवून, नंतर घासून पृष्ठभाग एवढा खाल्ला आहे की धातूच्या प्रवाहाच्या रेषा राहिल्या नाहीत. बाराच्या जागी कडीच्या डाखाचा डाग. कड दागिन्यासाठी घासलेली, त्यामुळे चिरा किंवा शिवण यांचा पुरावा तिथेच गेला. ठसा डब्यातल्या कुणाशी जुळत नाही. अनिर्णित.

८ ऑगस्ट
मालकांना द्यायच्या यादीसोबत कायद्याचे दोन परिच्छेद जोडले. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात: परदेशी नेता येत नाहीत, आणि विक्रीचा व्यवसाय करायचा तर परवाना लागतो. शेतात, पाया खणताना मिळाली असतील तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि दहा रुपयांवरच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. डब्यातली नाणी कुठून आली हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आताच लिहून घ्यावे, असे यादीवर लाल शाईने लिहिले. 'मामांनी करूरहून आणली' एवढे वाक्यही उपयोगाचे आहे.

९ ऑगस्ट
साठवण. मऊ प्लास्टिकचे खिसे सगळे फेकले. ते पीव्हीसीचे होते, दोन नाण्यांवर त्यांचा हिरवट चिकटपणा उतरलाच होता. तो ॲसिटोनने काढला. नवी पाकिटे पॉलिएस्टरची. सागवानी पेटी घरात आहे म्हणाले, पण लाकडातून आम्लाची वाफ येते, त्यापेक्षा झाकण घट्ट बसणारा २० लिटरचा प्लास्टिकचा डबा बरा. आत अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल आणि दमटपणा मोजणारा छोटा हायग्रोमीटर. काटा ४० वर गेला की जेल ११० अंशांवर भाजून परत आत. आज डबा बंद करताना ३४.

क्र. ६, ९, ११ वेगळ्या पाकिटात, प्रत्येकावर मार्करने 'ओतीव', आणि तिघांच्या कानाखालच्या ओरखड्याचे फोटो सोबत. चौथे कुठे दिसले तर त्याच्याशी लावून पाहता येईल.

क्र. २६ आणि ३३ पंधरा दिवसांनी पुन्हा पाहायची.